डाव्या हाताची शिकवणी

थोरल्या सुताराने वॉर्डात दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नर्सचा ओठ फाडला.

ती त्याच्या कमरेखाली बेडपॅन सरकवत होती. त्याचा उजवा हात मनगटापासून गेलेला. उरलेल्या भागावर नारळाएवढं बँडेज होतं. तेच त्याने अंगातल्या सगळ्या जोराने तिच्या तोंडावर हाणलं. तिचा खालचा ओठ दातांवर चिरला, त्याच्या जखमेचे दोन टाके उसवले, बेडपॅन फरशीवर पालथा झाला. दुखण्याने तो गुरासारखा ओरडला आणि ओरडता ओरडताच त्याने तिला लाथ घातली. ती शेजारच्या कॉटवर जाऊन आदळली.

"बांधा त्याला!" मोठ्या सिस्टर दारातून ओरडल्या. दोन मदतनीस धावले, वॉर्डातली मावशी त्याच्या पायांवर बसली. रुंद पट्ट्यांनी त्याचे दोन्ही पाय आणि डावा हात कॉटच्या लोखंडाला बांधले गेले. बांधून झाल्यावरही तो डोकं उचलून उचलून उशीवर आपटत राहिला.

नर्सने बेसिनवर चूळ भरली. लाल पाणी गेलं, पुन्हा लाल आलं. ओठाला एक टाका पडला. तो घालता घालता मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आता याच्या उशाशी पण तुझा तक्ता लावणार का, प्लॅनताई?"

तिने मानेनेच हो म्हटलं. बोलता येत नव्हतं.

प्लॅनताई हे नाव तिला वॉर्डाने दिलेलं. प्रत्येक रुग्णाच्या कॉटला ती एक कागद लावायची: याला काय जमतं, काय जमत नाही, येत्या आठवड्यात काय जमायला हवं. कॉलेजात तिला सात-आठ सिद्धांत शिकवले होते. एकाचं म्हणणं, हवा, उजेड, स्वच्छता नीट ठेवा, शरीर आपलं आपण सावरतं. दुसऱ्यात माणसाच्या गरजांची यादी होती, श्वासापासून झोपेपर्यंत. तिसरा म्हणायचा, नर्स आणि रुग्ण यांचं नातं हेच अर्धं औषध, आणि नर्सही तिथे आपले राग-लोभ घेऊनच आलेली असते. बाकीच्या मुली परीक्षा झाली की ते सगळं वह्यांसकट रद्दीत घालून मोकळ्या झाल्या. ती झाली नाही. तिचा सगळ्यात आवडता सिद्धांत अगदी साधा होता. माणसाला आपली काळजी आपण घ्यायची असते. त्याला काहीच जमत नसेल तर नर्सने सगळं करायचं. थोडं जमत असेल तर दोघांनी मिळून करायचं. जमायला लागलं की नर्सने हात मागे घ्यायचा. जे तो स्वतः करू शकतो ते त्याच्यासाठी करणं ही दया नव्हे, चोरी आहे.

हे तिला पुस्तकाआधी घरातच कळलं होतं. तिच्या वडिलांचं एक अंग लुळं पडलं, तेव्हा घरादाराने मायेने भरवून भरवून त्यांचा चांगला हातही मारून टाकला होता.

त्या वॉर्डात तेव्हा दोन सुतार होते, सख्खे भाऊ. थोरला चार नंबरच्या कॉटवर, धाकटा पार टोकाला, अकरा नंबरवर. शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांसाठी वॉर्ड तो एकच, म्हणून मध्ये हिरवा पडदा ओढून भागवलं होतं. झालं होतं असं. बाप गेल्यापासून थोरल्याने धाकट्याला मारत मारतच वाढवलं आणि मारत मारतच कामाला लावलं. त्या दिवशी कारखान्यात धाकट्याकडून एका फळीचं माप चुकलं. थोरल्याने गिऱ्हाइकांसमोर धाकट्याच्या पाठीत लाकडी मोगरी घातली. सव्वीस वर्षांचा धाकटा वळला आणि त्याने भावाला दोन्ही हातांनी ढकललं. मागे गोल करवत चालू होती. हात फळीसारखा कापला गेला. थोरल्याने उरलेल्या हाताने पटाशी उचलली आणि भावाच्या पोटात मुठीपर्यंत खुपसली.

त्यांच्या म्हाताऱ्या आईने पोलिसांना सांगितलं, "दोघं मशीनवर पडले."

"आणि पटाशी आपणहून पोटात शिरली?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिरली," म्हातारी म्हणाली. दोन्ही मुलगे गप्प राहिले. पोलिसांनी लिहून घेतलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स सुजलेलं तोंड घेऊन चार नंबरपाशी आली. चादर बदलताना तिने त्याला बांधलेल्या हाताच्या बाजूला जरा कुशीवर केलं. त्याच्या पाठीवर कमरपट्ट्याचे जुने व्रण होते, बोट फिरवलं तर कळावेत असे. तिने म्हातारीकडे पाहिलं.

"त्याच्या बापाचे," म्हातारी म्हणाली. "सातव्या वर्षापासून हा कुणासमोर सदरा काढत नाही. माझ्यासमोर पण नाही."

नर्सला एकदम लख्ख कळलं. जेवण देणाऱ्याला त्याने काही केलं नव्हतं. सुई टोचणाऱ्यालाही नाही. उघडं करणाऱ्यालाच तो मारत होता.

तिने पडदा ओढला आणि त्याच्या डाव्या हाताचा पट्टा सोडला. फक्त हाताचा.

"ऐका," ती फाटक्या ओठाने हळूहळू म्हणाली. "भोकाची खुर्ची आणली आहे. मी धरून बसवते. मग मी पडद्याबाहेर. तुमचं काम तुमच्या हाताने. चक्कर आली तर हाक मारायची."

"आणि तुला परत हाणली तर?"

"तर परत बांधतील, आणि परत बेडपॅन. बघा काय परवडतं."

त्याने मोकळ्या हाताने पायांचे पट्टे दाखवले, सोडायला.

त्या दिवसानंतर त्याने हात उगारला नाही. वॉर्ड चकित झाला. तिने त्याची कॉट खिडकीजवळ हलवली, कागदावर रोज एक ओळ वाढवली. डाव्या हाताने चमचा: अंगठा आत घ्यायचा, चमचा जरा तिरका धरायचा. डाव्या हाताने गुंड्या. दाढी. नाडीची गाठ, एक टोक दातात धरून. कारागीर माणूस, एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा दाखवावं लागत नव्हतं. चौथ्या दिवशी त्याने मावशीचं डुगडुगणारं स्टूल उलटं करून पायाला पाचर मारून दिली. मावशी म्हणाली, "अगं, हा तर सोन्यासारखा आहे!"

"सोनं पण आधी तापवून ठोकतात," तो म्हणाला. सगळे हसले. तोही हसला.

सहाव्या दिवशी नर्सने त्याला कात्री दिली. जखमांवरच्या जाळीच्या कापडाचे चौकोनी तुकडे रोज शेकड्याने लागायचे. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकतात, कापड चिमटलं जातं, कापत नाही. तिने त्याचा हात धरून दाखवलं: अंगठ्याने आपल्याकडे ओढायचं, बोटांनी बाहेर ढकलायचं, म्हणजे पाती घासून चालतात. दुपारपर्यंत त्याने ढीग कापून टाकला.

"त्याला काय काय जमतं?" त्याने एकदा पडद्याकडे हनुवटी करून विचारलं.

नर्सला आनंद झाला. भावाचं नाव त्याने पहिल्यांदाच काढलं होतं. "अजून काहीच नाही. पोटात पू झाला होता, नळी ठेवली आहे. कूससुद्धा मीच बदलते."

"उठून बसता येत नाही?"

"अजून आठवडा तरी नाही."

"हं," तो म्हणाला आणि कापड कापत राहिला. तिने त्याच्या कागदावर लिहिलं: भावाची चौकशी केली. नात्यात सुधारणा.

अकराव्या दिवशी सकाळी, डॉक्टरांची फेरी संपल्यावर, ती धाकट्याच्या नळीभोवतालची जखम साफ करत होती. पडदा सरकला. थोरला उभा होता, छातीशी कापडाच्या तुकड्यांचा गठ्ठा धरून.

"कापड आणलंय."

"ठेवा तिकडे ट्रॉलीवर," ती मान वर न करता म्हणाली.

गठ्ठा खाली पडला. तुकडे तिच्या पायांवर उधळले, आणि त्याच क्षणी धाकट्याचे डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहून फाटल्यासारखे झाले. कापडाखाली लपवलेली कात्री त्याच्या खांद्यात बसली, गळ्यापासून चार बोटं अलीकडे. थोरल्याने ती हिसडून काढली. रक्त भिंतीपर्यंत उडालं. धाकट्याला कुशीवर वळता येत नव्हतं. तो नुसता "दादा, दादा" म्हणत होता, शाळेतल्या मुलाच्या आवाजात. दुसरा वार आला तेव्हा नर्सने मध्ये आपला हात घातला. कात्री तिच्या उजव्या हातात कोपराखाली शिरली, हाडावर घसरली आणि मनगटाच्या दिशेने चिरत गेली. तिची बोटं एकदम मिटेनाशी झाली. तिने दुसऱ्या हाताने त्याचे केस धरले. त्याने डोक्याने तिच्या नाकावर धडक दिली, गुडघ्याने तिला बाजूला उडवलं, कात्री टाकली आणि भावाच्या पोटातली नळी बुंध्याशी धरून ओढली. धाकट्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता.

म्हातारी दुधाचा थर्मास घेऊन नुकतीच आत आली होती. तिने थर्मास टाकला. ऑक्सिजनच्या सिलिंडरला अडकवलेला लोखंडी पाना तिने उचलला आणि थोरल्याच्या तुटक्या हातावर, बँडेजवर, घातला. तो गुडघ्यांवर पडला. तिने परत तिथेच घातला. बँडेज फुटल्यासारखं लाल झालं. तो ओरडेना, नुसता तोंड उघडून हवा शोधत होता. तिसरा घाव त्याच्या कानावर बसला.

"सोडा, आजी, मरेल तो!" मावशीने तिला मागून कवटाळलं.

"मला मारू दे! माझ्या पोटचा आहे, मला मारू दे! बापाने मारलं तेव्हा मी बघत बसले, याने त्याला मारलं तेव्हा मी बघत बसले!"

नर्स धाकट्याच्या खांद्यावर कोपराने सगळं वजन टाकून वाकली होती. तिच्या नाकातलं रक्त त्याच्या गालावर ठिबकत होतं. "डॉक्टरांना बोलवा," ती ओरडत होती, "कुणीतरी माझ्या हाताला पट्टा आवळा आणि डॉक्टरांना बोलवा!"

धाकट्याला चार तास टेबलावर ठेवलं. तो वाचला. नर्सच्या हातातल्या दोन शिरा आणि तीन स्नायूबंध शिवले. डॉक्टर म्हणाले, मूठ वळेल, पण पूर्वीसारखी नाही. म्हातारीने पोलिसांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं सांगितलं. थोरल्याच्या तुटक्या हाताचं हाड चिरलं होतं. ते आणखी वरून कापावं लागलं. त्याला आता वेगळ्या खोलीत ठेवलं, एकुलता एक हात बेडीने कॉटला अडकवून, दाराशी हवालदार.

त्यानंतर पाचव्या दिवशी रुग्णालयाच्या अधीक्षकांनी नर्सला बोलावलं.

"कात्री कुणी दिली?"

"मी."

"कशासाठी?"

"बोटांना काम. डावा हात तयार व्हावा म्हणून."

"झाला तयार." त्यांनी तिचे कागद टेबलावर आपटले. "नात्यात सुधारणा! हे तुमच्या सिद्धांतात बसतं?"

"सिद्धांतात हात कसा तयार करायचा ते आहे," ती म्हणाली. "हात तयार झाल्यावर माणूस काय करणार, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

तिला लेखी ताकीद मिळाली आणि हात बरा होईपर्यंत नोंदींचं काम. दुसऱ्या दिवशी नोंदी घेत ती त्या वेगळ्या खोलीपाशी पोचली. आधी वास आला. थोरला स्वतःच्या घाणीत पडला होता, कदाचित पहाटेपासून. जेवणाचं ताट स्टुलावर तसंच, सुपावर साय धरलेली.

"कुणी भरवायला आलं नाही?" तिने हवालदाराला विचारलं.

"येतात, ठेवतात, जातात. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, भूक लागली की करवतीकडे माग म्हणावं."

मावशीला हाताला धरून आणावं लागलं. "याला धू म्हणतेस? तुझा हात बघ आधी," मावशी म्हणाली, पण तिने धुतलं. तो भिंतीकडे तोंड करून, दात आवळून पडून राहिला. मावशी गेल्यावर नर्स स्टुलावर बसली. तिचा उजवा हात झोळीत होता. डाव्या हाताने तिने चमचा भरला. सूप हनुवटीवर सांडलं. दुसरा चमचा गळ्यावर सांडला.

"अंगठा आत घ्या," तो म्हणाला. "चमचा जरा तिरका."

तिच्या डोक्यात काहीतरी तुटलं. तिसरा चमचा तिने त्याच्या तोंडात असा खुपसला की दातावर लोखंडाचा आवाज झाला. चौथा त्याहून जोरात. हिरडी फाटली, सुपात रक्त उतरलं. तिला बरं वाटलं. पाचवा भरला तेव्हा तिने पाहिलं, त्याने प्रतिकार केला नव्हता. डोळे मिटून, खांदे कानांपर्यंत ओढून, गाल पुढे करून तो पुढच्या घावाची वाट बघत होता. इतक्या सराईतपणे, की सात वर्षांचं पोर दिसावं.

तिने चमचा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बेसिनच्या कडेला धरून उभी राहिली.   नर्सही आपला राग घेऊनच खाटेपाशी जाते, हे वाक्य तिने परीक्षेत लिहिलं होतं, आठ मार्कांसाठी. तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं.

परत येऊन ती हवालदाराला म्हणाली, "बेडी पायाला लावा. जेवणापुरता हात मोकळा करा."

"ताई, तुमचाच हात चिरलाय त्याने."

"म्हणूनच सांगते. प्लास्टिकचा चमचा द्यायचा. मी त्या भिंतीशी बसते, तुम्ही याच्या मागे उभे राहा. पण मी याला भरवणार नाही. मी भरवलं तर याचे दात पाडीन."

हवालदाराने किल्ली काढली. थोरल्याने मनगट चोळलं आणि जेवायला लागला. एक थेंब सांडला नाही.

"जमायला लागलं की काय करणार, हे मी तुम्हाला विचारलंच नव्हतं," ती भिंतीपासून म्हणाली.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं." त्याने हिरडीतलं रक्त जिभेने पुसलं. "तुम्ही विचारलंत त्या सगळ्याचं उत्तर दिलंय मी."

"आता विचारते."

त्याने ताटातलं शेवटचं निपटलं. "तो जगला?"

"जगला."

त्याने ताट पुढे सारलं, हात आपणहून कॉटच्या लोखंडावर ठेवला आणि हवालदाराकडे पाहिलं. बेडी परत बसली. आठवड्याने त्याला तुरुंगाच्या दवाखान्यात हलवलं. पुढे त्याला मोठी शिक्षा झाली, असं म्हातारीकडून कळलं. ती कोर्टात गेली होती आणि तिनेच साक्ष दिली होती.

धाकट्याने नर्सशी दहा दिवस शब्द काढला नाही. "हिनेच शिकवलं त्याला," एवढंच तो आईला सांगायचा, तिला ऐकू जाईल असं. ती ऐकायची आणि नोंदी आटोपल्या की त्याची कूस बदलायची, मावशीच्या मदतीने, एका हाताने. अकराव्या दिवशी तो कॉटच्या कडेला पाय सोडून बसला तेव्हा ती कागद घेऊन समोर आली.

"आता पुढचं तुमच्यावर. पण आधी सांगा. जमायला लागलं की काय करणार?"

"तुम्हाला वाटतं मी जाऊन त्याला मारीन?"

"मला काही वाटत नाही. मी विचारते आहे."

त्याचा पोटावर हात होता, टाक्यांवर.

"दाराला आतून कडी लावणार," तो म्हणाला. "कारखान्यामागच्या आमच्या खोलीला कडी नव्हती कधी. लावूच दिली नाही. आधी बापाने, मग त्याने. मला आतून कडी लावून झोपायचंय."

तिने तसंच लिहिलं. आठवड्याचं ध्येय: कडी.

वॉर्डाच्या न्हाणीघराला वरच्या बाजूला एक जुनी, घट्ट कडी होती. तिच्यापर्यंत हात न्यायचा म्हणजे पोटाचे टाके ताणले जायचे, शिवलेला खांदा पेट घ्यायचा. पहिल्या दिवशी तो दारापर्यंत पोचलाच नाही, वाटेतच भिंतीला धरून रडत खाली बसला. दुसऱ्या दिवशी बोटं कडीला लागली. तिसऱ्या दिवशी त्याने शिव्या दिल्या, कडीला, भावाला, तिला. ती बाहेर उभी राहून झोळीतली बोटं मिटायचा आणि उघडायचा आपला व्यायाम करत होती. डॉक्टरांनी सांगितला तसा वीस वेळा, आणि वर पाच.

पाचव्या दिवशी आतून खट्ट झालं.

"लागली?" तिने विचारलं.

"ढकलून बघा."

तिने तळहाताने दार ढकललं.

"असं नाही. तो ढकलायचा तसं."

ती दोन पावलं मागे सरकली आणि चांगला खांदा दारावर आदळला. दार हललं, उघडलं नाही.

"अजून एकदा," आतून आवाज आला. "जोरात."